पांढरे कोटवाले की चष्मेवाले

कमेंट मराठीत होती, अक्षरं तेवढी इंग्रजी. यूट्यूबवरच्या त्या गाण्याखाली जगभरच्या लोकांनी हजारभर ओळी लिहिल्या होत्या. कुणी बदाम टाकले होते, कुणी गेलेल्या बापाची आठवण काढली होती. आणि मधेच ही एक ओळ: "चाळीस वर्षं झाली, तरी हे म्हणजे गिरणीचा पट्टाच."

आसियाच्या हातातली कोथिंबीर निवडायची तशीच राहिली. दुपारची वेळ होती. शोएब, तिचा मुलगा, रांजणगावला फर्स्ट शिफ्टला गेला होता आणि सून शायना माहेरी. शिरूरच्या त्या घरात आसिया आणि फोन, दोघंच. तिनं चष्मा पदराला पुसला आणि पुन्हा वाचलं. लिहिणाऱ्याचं नाव नुसतं 'डब्ल्यू. एस., दौंड' असं होतं. पण त्या गाण्याला गिरणीचा पट्टा म्हणणारा माणूस जगात एकच होता.

तिचा भाऊ सिद्दीक त्या काळी बाजारपेठेत कॅसेट भरून द्यायचं दुकान चालवायचा. गिऱ्हाईक यादी घेऊन यायचं, सिद्दीक कोऱ्या कॅसेटवर गाणी उतरवून द्यायचा. मागच्या खोलीत मशीनजवळ बसून आसिया कॅसेटच्या डबीतल्या कार्डांवर गाण्यांची नावं लिहायची, कारण घरात तिचं अक्षर छापल्यासारखं होतं. दुकान आणि खोली यांच्या मधे एक पडदा. कव्वाल्या, हिंदी, तमाशातली गाणी, सगळं तिच्या हाताखालून जायचं. इंग्रजी मात्र एकाच माणसाकडून यायचं. दौंडच्या रेल्वे शेडमध्ये अप्रेंटिस असलेला विल्यम साळवे. त्याचा मामा जहाजावर होता, तो तबकड्या आणायचा. विल्यमकडे चांगला रेडिओही होता. परदेशी स्टेशनवर दर आठवड्याला पहिल्या दहा गाण्यांची यादी लागायची, ती तो टेप करायचा. दर दुसऱ्या शनिवारी एसटीनं शिरूरला यायचा, माल सिद्दीकला द्यायचा आणि बदल्यात कोऱ्या कॅसेटी न्यायचा.

बँडांची खरी नावं आसियाला उच्चारता यायची नाहीत, म्हणून तिनं तबकडीवरचे फोटो बघून आपली नावं ठेवली. पांढरे कोट घालून कीबोर्डामागं उभे असलेले ते पांढरे कोटवाले. गिटारी घेतलेले, काळ्या चष्म्यांचे ते चष्मेवाले. एकदा कार्ड लिहून झाल्यावर तिनं खाली बारीक अक्षरात लिहिलं, "चष्मेवाल्यांपेक्षा पांढरे कोटवाले बरे." विल्यमची कॅसेट परत गेली, तिच्याबरोबर कार्ड दौंडला गेलं. पंधरा दिवसांनी त्याच्या मागं उत्तर आलं: "पांढरे कोटवाल्यांकडं ड्रमवाला नाही, मशीन आहे. गिरणीचा पट्टा ऐकल्यासारखं वाटतं."

तिनं लिहिलं, "गिरणी चालते म्हणून गाव जेवतं."

झालं. तिथून तीन वर्षं भांडण चाललं. गिटार मोठी की कीबोर्ड, घशातून ओरडणारा खरा की हळू म्हणणारा, एका गाण्यावर गाजलेला बँड मोठा मानायचा की नाही. शहाऐंशी सालच्या शेवटच्या आठवड्याच्या यादीवरून तर महायुद्ध झालं. त्या दिवशी दौंडची लाइट गेली आणि विल्यमचा रेडिओ दोन नंबरच्या गाण्यावर बंद पडला. शिरूरला घराच्या कौलांवर रेडिओची तार टाकून आसियानं एक नंबर ऐकला होता. पांढरे कोटवाले. विल्यमनं ते कधीच मान्य केलं नाही. "एकटीनं ऐकलेलं धरत नाहीत," असं त्यानं लिहिलं.

दोघं समोरासमोर कधी बोलले नाहीत. तो काउंटरवर उभा राहून सिद्दीकशी बोलायचा आणि ती पडद्याआड हात थांबवून ऐकायची. कार्डांवरही गाण्याबाहेरचा शब्द नसायचा. फक्त एकदा त्यानं लिहिलं होतं, "तुम्हाला ताप होता म्हणे. बरं आहे का?" आणि घाबरल्यासारखं लगेच खाली: "तरी चष्मेवालेच भारी."

अठ्ठ्याऐंशीत आसियाचं बिलालशी लग्न झालं. बिलाल भला माणूस. कारखान्यात फिटर होता, पगार हातात आणून द्यायचा, लेकरांवर कधी हात उचलला नाही. त्याला इंग्रजी गाणी म्हणजे भांडी पडल्यासारखी वाटायची, आणि आसियानं ती घरात कधी लावलीही नाहीत. विल्यमबद्दल तिनं त्याला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं घडलंच काय होतं? बिलालच्या इंतकालाला आता सहा वर्षं झाली. गेल्या वर्षी शोएबनं तिला फोनवर गाणी शोधायला शिकवलं, तेव्हा पहिल्यांदा तिनं पांढरे कोटवाल्यांना शोधलं.

त्या दुपारी एका बोटानं टाइप करायला तिला अर्धा तास लागला. "गिरणी चालते म्हणून गाव जेवतं."

संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. "आसियाबाई?"

"व्हय."

थोड्या वेळानं पुन्हा: "एकटीनं ऐकलेलं अजून धरत नाहीत."

आसिया स्वयंपाकघरात एकटीच हसली. मग चार महिने रोज काही ना काही चालू राहिलं. कमेंटखाली कमेंट. ब्राझीलमधल्या कुणीतरी हे काय चाललंय म्हणून प्रश्नचिन्ह टाकलं. शोएबच्या हे लक्षात आलं तेव्हा तो म्हणाला, "अम्मी, त्या सालची यादी नेटवर असंल की. दोन मिनिटांत काढून देतो."

"हात लावू नको," आसिया म्हणाली. "यादी सापडली तर भांडायचं कशावरून?"

पण तिचं मन आता तेवढ्यावर भरेना. विल्यमची ओळ वाचली की ती त्याच्या आवाजात वाचायला बघायची. पडद्याआडून ऐकलेला तो आवाज तिला नीट आठवायचा. त्याच आवाजानं एकदा तिच्याशी बोलावं, तिला खोटं पाडावं, एवढंच. शेवटी तिनं लिहिलं: "लिहून मिटायचं न्हाई. नंबर द्या, फोनवर बोलू."

आठ दिवस उत्तर नाही. आपण मर्यादा सोडली, या विचारानं तिला जेवण गोड लागेना. नवव्या दिवशी ओळ आली. "फोनवर जमत नाही. घरी या. कृपानं बोलावलंय." आणि खाली दौंडचा पत्ता.

तिनं शोएबला खरं ते सांगितलं, मामांच्या दुकानात यायचे ते साळवे, त्यांच्या घरी जाऊन येते. निमोण्यावरून जाणारी एसटी मिळाली. बसमध्ये ती मनातल्या मनात मुद्दे जुळवत होती आणि प्रत्येक मुद्द्याला तो कसा उसळून बोलेल ते ऐकत होती.

दार विल्यमच्या बायकोनं, कृपाबाईंनी उघडलं. मिशनच्या शाळेत मास्तरीण होत्या, आता रिटायर. "या. तुमीच का शिरूरच्या? तीस-पस्तीस वर्षं ऐकतीय मी तुमचं. रेडिओवर काय लागलं की ह्यांचं सुरू, शिरूरच्या बाई असत्या तर अशा म्हणल्या असत्या, आन् मी त्यांना असं म्हणलो असतो."

विल्यम आतून आला. वाळलेला उंच माणूस, केस पांढरे, गळ्याभोवती पांढरं फडकं. त्यानं हात जोडले. ओठ हलले. आवाज आला नाही.

आसिया उभीच राहिली.

"दोन वर्षं झाली," कृपाबाई म्हणाल्या. "घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणले, गाठ काढायची तर स्वरयंत्रबी जाणार. म्हणलं, जाऊ द्या, माणूस राहू द्या. कमेंटमधी लिवा म्हणलं होतं मी यांना. म्हणले, नको. त्यांना म्हाईत नसलेलंच बरं."

विल्यमनं वही ओढली आणि भराभर लिहिलं. त्याचं अक्षर रेल्वेच्या रुळांसारखं आडवं पळत होतं. कार्डांवरचं ते जुनं अक्षर उरलं नव्हतं, आसियाला ओ की ठो कळलं नाही. कृपाबाईंनी वही घेतली आणि हजेरी घ्यावी तशा सपाट आवाजात वाचलं, "'आधी चहा घ्या, मग हरायला बसा.'"

चहा झाला आणि खरंच भांडण बसलं. आसिया बोलायची, विल्यम लिहायचा, कृपाबाई वाचायच्या.

"'ज्या बँडला ड्रमवाला ठेवणं परवडत नाही...' हे मी म्हणत न्हाई हां, हे ह्यांचं. '...त्यांनी कोट तरी कशाला शिवले?'"

"कोट शिवले म्हणून तर लक्षात राहिले," आसिया म्हणाली. "तुमच्या चष्मेवाल्यांचं तिसरं गाणं सांगा बरं? दोन सोडून तिसरं कुणाला येतंय?"

विल्यमनं टेबलावर थाप मारली, पेन्सिल मोडेल इतकी दाबून लिहिलं. कृपाबाईंनी वाचलं आणि वही खाली ठेवून म्हणाल्या, "मला इचाराल तर पांढरे कोटवालेच. निदान त्यांच्यावर नाचता तरी येतं."

विल्यमनं कपाळाला हात लावला. त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता, पण खोलीत नुसता श्वासाचा खरखराट होता. आसियानं मान वळवून खिडकीबाहेर बघितलं.

थोड्या वेळानं गळ्याचं फडकं बदलायला तो आत गेला. कृपाबाई कप गोळा करता करता थांबल्या.

"एक इचारू का? तुमी त्यांचा आवाज तरणेपणी ऐकलाय न्हवं?"

"पडद्याआडून. समोर कवाच न्हाई."

"मी ब्याण्णवला आले या घरात. एवढी वर्षं ऐकला, आन् आता ध्यानातनं चाललाय. चेहरा समोर हाय म्हणून ऱ्हातो. आवाज कुठं ठेवायचा?" त्यांनी भिंतीकडं बोट केलं. कपाटात छतापर्यंत कॅसेटी लावलेल्या होत्या. "चारशे हायत. एकीतबी त्यांचा आवाज न्हाई, सगळी परक्या लोकांची गाणी. लग्नाची व्हिडिओ काढली, तर तिच्यावरबी गाणी घातलेली. तुमी सांगा, कसा होता?"

आसियाला वाटलं, हे आपल्याजवळचं एकच. चाळीस वर्षं कुणाला दाखवलेलं नाही, कुणी मागितलंही नाही. आणि मागते आहे ती त्याची बायको.

"मोठ्यानं बोलायचे," ती हळूहळू म्हणाली. "इंजिनाशेजारी उभं राहून बोलावं तसं. 'र' जरा घोळायचा. आन् वाक्य संपायच्या आधीच हसू यायचं. शेवटचा शब्द त्या हसण्यातच बुडायचा. आमचे भाई दर वेळी इचारायचे, 'काय म्हणला?' तर ते परत पहिल्यापासनं सांगायचे, आन् परत तिथंच हसायचे."

कृपाबाईंनी डोळे मिटले होते. "व्हय," त्या म्हणाल्या. "व्हय, व्हय. शेवटचा शब्द मला कधीच कळला न्हाई. लग्नाआधी माझ्या आईनं लगीन मोडायचं का म्हणून ह्यांना इचारलं, तवाबी ह्यांचं तेच. सांगा, अजून सांगा."

आसियानं होतं तेवढं सगळं सांगितलं. काउंटरवर बोटं वाजवत बोलायचे तेही, आणि एकदा भाजीवालीशी कांद्यावरून घातलेली हुज्जतही.

विल्यम बाहेर आला तेव्हा दोघी डोळे पुसत होत्या. त्यानं एकीकडं, मग दुसरीकडं बघितलं आणि वहीत काही लिहिलं.

"'हरलात म्हणून रडताय काय?'" कृपाबाईंनी वाचलं, आणि या वेळी त्यांचा आवाज सपाट राहिला नाही.

निघताना दोघं फाटकापर्यंत आले. "दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी या," कृपाबाई म्हणाल्या. "चर्च सुटलं की मी मोकळी असती. वाचून मी दाखवीन, पण यांना हरवणं मला एकटीला जमत न्हाई." विल्यमनं हात वर केला. त्याचे ओठ हलले, आणि मग बहुधा हसू आलं, कारण ते मधेच थांबले. शेवटचा शब्द आसियाला कळला नाही.

परतीच्या बसमध्ये तिला खिडकी मिळाली. तिनं मघाचं भांडण पहिल्यापासून आठवून पाहिलं. चष्मेवाल्यांची बाजू, ड्रम, कोट. सगळे शब्द विल्यमचे होते, पण कानात कृपाबाईंचा आवाज येत होता. जुना आवाज तिनं दोनदा शोधला. र सापडला, हसू सापडलं, पण दोन्ही एका जागी येईनात. उसाचे फड मागं जात होते. दिलं ते बरंच केलं, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि तरी निमोणं येईपर्यंत ती पुन्हा पुन्हा शोधत राहिली.

शिरूरच्या स्टँडवर शोएब गाडी घेऊन उभा होता. "काय म्हणले साळवे काका?"

"लई बोलले," आसिया म्हणाली. मागं बसून तिनं त्याचा खांदा धरला. "पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी सुट्टी हाय का रं तुला? कृपाबाईंसाठी बिर्याणी न्यायचीय, बसमधी डबा सांडंल."