भज्यांच्या कढईत मेथी

मित्रांनो, माझा काळा रंग पाहून नाक मुरडू नका. मी एक जुनी लोखंडी कढई आहे. हा रंग आचेने आणि तेलाने माझ्यावर वर्षानुवर्षे चढवला आहे.

शिंदखेड्याच्या एका लोहाराने मला घडवले. त्याच्या घणाच्या खुणा अजूनही माझ्या बुडाला हात लावला की जाणवतात. बाजाराच्या दिवशी भागाबाईंनी मला बोटाने टिचकी मारून पाहिले, आवाज आवडला आणि मला घरी नेले. त्यांच्या चुलीवर मी पोकळ्याची पालेभाजी शिजवली, गिलकी परतली, डाळीला फोडणी दिली. पुढे त्यांचा मुलगा भूपेंद्र नोकरीसाठी जळगावला आला. पिंप्राळ्यात त्याने संसार मांडला, तेव्हा भागाबाईंनी दादर ज्वारीच्या पोत्याबरोबर मलाही पाठवून दिले.

या नव्या घरात वरणाला कुकर होता आणि भाजीला चकचकीत पॅन. माझ्याकडे काम आले ते तळणाचे. भूपेंद्रला खाण्याचा आणि खाऊ घालण्याचा भारी शौक. सुट्टीच्या दिवशी तो बाह्या सरसावून ओट्याशी उभा राही आणि माझ्यात भजे, बटाटेवडे, पापड सोडी. "कढई असावी तर अशी!" असे तो म्हणाला की मला धन्य वाटे.

इतर दिवशी मात्र घरात पुड्या यायच्या. कधी कचोरी, कधी नूडल्स, कधी पिझ्झा. भूपेंद्रची बायको नूतन पतसंस्थेत काम करी. संध्याकाळी दमून आल्यावर स्वयंपाकाला उभे राहणे तिच्या जिवावर येई. मुलगी भाविका सहावीत होती. चिप्सचे पाकीट फोडल्याशिवाय तिचा अभ्यास सुरू होत नसे. डब्यातली भाजी जशीच्या तशी परत यायची. घर हसतेखेळते होते, म्हणून कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

एके दिवशी शाळेत खो-खोचा सराव चालू असताना भाविका चक्कर येऊन पडली. संध्याकाळी दवाखान्यातून परतल्यावर भूपेंद्र स्वयंपाकघरात येऊन बसला. त्याचा चेहरा उतरला होता.

"डॉक्टरबाई म्हणाल्या, पोरीच्या अंगात रक्त फार कमी आहे," तो नूतनला म्हणाला. "मी म्हटलं, खाते तर भरपूर. त्यांनी विचारलं, काय खाते? मला सांगताच येईना गं."

रक्त वाढेपर्यंत खेळ बंद झाला. गोळ्या सुरू झाल्या. संघात नुकतीच निवड झालेली भाविका उशीत तोंड खुपसून रडली.

नूतनने मनावर घेतले. डबे रिकामे केले, पाकिटे बाहेर काढली. ताटात उकडलेला दुधी आणि बिनफोडणीची मुगाची डाळ आली. भाविकाने ताट सरकवले. दुसऱ्या दिवशीही तेच. भूपेंद्रला ते पाहवेना. तो स्कूटरच्या डिक्कीतून कचोऱ्या आणू लागला आणि बापलेक गच्चीवर जाऊन खाऊ लागले. पण भाविकाच्या बाहीवरचा चिंचेच्या चटणीचा डाग नूतनला दिसलाच.

"पोर उपाशी राहते, ते बघवत नाही मला," भूपेंद्र म्हणाला.

"आणि मैदानात पडली, ते बघवलं?" नूतन म्हणाली. "या घरात आता तळण नाही. ही कढई उद्याच भंगारात!"

मित्रांनो, तेव्हा माझ्या मनाला काय वाटले असेल! ज्या घरात माझे कौतुक झाले, त्याच घराच्या उंबऱ्याबाहेर सकाळी मी पडले होते. गल्लीत भंगारवाल्याची हाक ऐकू आली. नूतन दारात आली. तेवढ्यात भूपेंद्रने मला उचलून छातीशी धरले.

"ही आईची आहे. देणार नाही."

"मग काय करणार तिचं? भजे?"

"भाजी करीन."

"तुम्ही? पालेभाजी?"

"करीन म्हटलं ना!"

बोलून तर गेला! त्याच संध्याकाळी त्याने मेथीची जुडी आणली. भाविका गंमत म्हणून पाने खुडायला बसली. भूपेंद्रने भरपूर लसूण ठेचला, हिरवी मिरची घातली, दाण्याचा कूट घातला. कितीतरी वर्षांनी माझ्यात पालेभाजी पडली आणि वासाने मला भागाबाईंची चूल आठवली. पण भाजी होताच तो फोनवर बोलत बसला. भाजी माझ्यातच राहिली आणि काळीठिक्कर पडली.

"पप्पा, ही भाजी आहे की डांबर?" भाविका म्हणाली. आधी नूतन हसली, मग तिघेही पोट धरून हसले. कितीतरी दिवसांनी त्या घरात हसू आले होते.

भूपेंद्रने लगेच गावी फोन लावला. पलीकडून भागाबाई म्हणाल्या, "भाजी शिजनी की लगेच काढी ले रे. कढईमा ठेऊ नको. आन आंबट काही त्यामा करू नको."

दुसऱ्या वेळी भाजी हिरवी राहिली. भाविकाने एक घास खाल्ला, मग गुपचूप दुसरा घेतला. कोणी तिला "खा, खा" म्हटले नाही, हे फार बरे झाले. नूतननेही आपला हट्ट सैल केला. संध्याकाळचा स्वयंपाक भूपेंद्रकडे आला, भाजी निवडायचे काम भाविकाकडे, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी नूतन थापू लागली. पुड्या एकदम बंद झाल्या नाहीत, पण हळूहळू मागे पडल्या. सणावाराला मी अजूनही भजे तळते आणि ते सगळे आवडीने खातात.

काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले. ते चांगले वाढले होते. त्यात गोळ्यांचा मोठा वाटा होता. माझ्यातले थोडे लोहही भाजीतून तिच्या अंगात गेले असेल, पण सगळे श्रेय मी घेणार नाही. भाविका पुन्हा मैदानावर जाऊ लागली. परवा ती गुडघे खरचटून, धुळीने माखून घरी आली आणि हात धुता धुताच ओरडली, "पप्पा, पोकळा उरलाय का? मला भाकरीशी द्या ना, फार भूक लागलीय!"

 भूपेंद्रने पाठ वळवून डोळे पुसले आणि ताट वाढले.

मित्रांनो, तुमच्या घरात माझी एखादी बहीण माळ्यावर गंजत पडली असेल, तर तिला खाली काढा. घासून कोरडी करा, तेलाचे बोट फिरवा. आणि घरात कोणाला भाजी आवडत नसेल, तर त्याच्यावर रागावू नका. जिभेला सवय लागायला वेळ लागतो. तोवर लसूण थोडा जास्त घाला आणि त्याच्याबरोबर जेवायला बसा.