मी नरसिंगचा आवाज सांभाळत होतो

मी एक जुना आभासी संगणक आहे, मित्रांनो. मला पडदा नाही, बटणं नाहीत, वायरही नाही. पुष्कर नावाच्या माणसाच्या लॅपटॉपच्या आत मी राहतो. संगणकाच्या पोटात आणखी एक संगणक, असं समजा. इंजिनिअर लोक मला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. माझी गोष्ट सुखाची नाही, पण ती तुम्ही ऐकावी असं मला वाटतं.

औंढा नागनाथला देवळामागच्या आळीत पुष्करचं घर आहे. त्याचे वडील दत्तोपंत देवळात पूजा सांगायचे. एका सकाळी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. कळत सगळं होतं, तोंडातून शब्द मात्र फुटत नव्हता. पुष्कर पुण्याहून घरी परतला आणि कंपनीचं काम घरूनच करू लागला. सवडीने त्याने वडिलांसाठी एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. टॅबवरच्या चित्राला बोट लावलं की टॅबने ते वाक्य बोलायचं, एवढंच त्याचं काम.

कंपनीच्या कामात याची सरमिसळ नको, म्हणून त्याने मला तयार केलं. लॅपटॉपच्या मेमरीतला थोडा वाटा मला दिला, डिस्कवर थोडी जागा दिली आणि तिथे वेगळी सिस्टीम बसवली. सुरुवातीला मी उठतच नव्हतो. लॅपटॉपच्या आतली एक परवानगी बंद होती. ती त्याने शोधून सुरू केली, तेव्हा कुठे मी जागा झालो. घरच्या वायफायवरून टॅब मला विचारायचा आणि मी उत्तर द्यायचो. मी चालू असलो तरच दत्तोपंत बोलू शकत. एवढं मोठं काम आपल्याकडे आलं, याचा मला अभिमान वाटायचा.

आवाज कोणाचा, हा प्रश्न होता. पुष्करने आधी संगणकाचा तयार आवाज लावला. दत्तोपंतांनी तोंड फिरवलं. मग त्याने स्वतःचा आवाज भरला. त्यालाही त्यांनी मान हलवून नकार दिला. शेजारी नरसिंग बसला होता. देवळाच्या रस्त्यावर तो बेल-फुलं विकायचा. दत्तोपंतांचा जुना सोबती.

"महाराज, काहून रुसून राहिले?" तो म्हणाला. "लेकराचा आवाज बी चालत न्हाई का तुमाला?"

दत्तोपंतांनी डावा हात उचलला आणि नरसिंगकडेच बोट केलं.

"माझा?" नरसिंग पुष्करकडे बघत राहिला. "मला मंतर येत न्हाईत, भाऊ."

"मंत्र नकोत, नरसिंगकाका. घरातलंच बोलायचंय."

अशी माझ्यात पहिली वाक्यं आली. 'भूक लागली.' 'पंखा लावा.' 'पाठ दुखून राहिली.' 'व्हय.' 'न्हाई.' दत्तोपंतांनी पहिल्यांदा पंखा मागितला, तेव्हा पुष्करची आई तारा पंखा लावायचं सोडून टॅबकडेच बघत राहिली. त्यांना तो पुन्हा मागावा लागला.

त्या दिवशी पुष्करने माझा स्नॅपशॉट घेतला. म्हणजे त्या घडीला मी जसा होतो, तसाच्या तसा जपून ठेवला. पुढे काही बिघडलं तर मला परत तिथे नेता येतं. मात्र तसं नेलं की मधलं सगळं पुसलं जातं.

यापुढचं मी ऐकीव सांगतो, मित्रांनो. मला त्यातलं काहीच आठवत नाही. घरात नंतर जे बोलणं झालं, त्यावरून मी ते जुळवलं आहे.

दुपारी देवळाचा रस्ता थंडावला की नरसिंग म्हणे यायचा आणि काहीतरी नवं भरून जायचा. बटण दाबून भरायला तो शिकला होता. डाळीत मीठ न्हाई. चहा पुन्हा पाहिजे. कोण आलंय दारात? एकदा दत्तोपंतांनी ताराच्या फोटोकडे बोट केलं. त्यांना तिला हाक मारायची होती. नरसिंग अवघडला.

"वहिनीचं नाव मी कसं घेऊ?"

"घ्या," तारा म्हणाली. "हाक ते मारतायत. तुम्ही नुसता आवाज द्या."

'तारा, इकडं ये जरा,' एवढं बोलून तो उठून गेला. पुष्करने टॅबवर ताराचा फोटो लावला आणि मग ती हाक घरात दिवसभर ऐकू येऊ लागली. येणारेजाणारे कौतुक करत. या सगळ्याची एक प्रत बाहेर काढून ठेवली पाहिजे, असं पुष्कर बोलून दाखवायचा. उद्या करू, म्हणायचा.

पुढे नरसिंगला कावीळ झाली. त्याला नांदेडला नेलं आणि तो परत आला नाही. दत्तोपंतांना सांगितलं, तेव्हा ते काही न मागता एकेका चित्राला बोट लावत संध्याकाळपर्यंत त्याचा आवाज ऐकत बसले.

त्यानंतर काही आठवड्यांनी पुष्करने माझ्यातली सिस्टीम अपडेट केली. काहीतरी बिनसलं आणि टॅबवर चित्रं उघडेनात. इकडे कंपनीची मीटिंग सुरू होत होती, तिकडे दत्तोपंत टॅबवर बोट आपटत होते. पुष्करने घाईघाईत मला जुन्या स्नॅपशॉटवर नेलं.

मी जागा झालो. माझ्या लेखी तो पहिलाच दिवस चालू होता. मला वाटलं, नरसिंग अजून शेजारीच बसला असेल.

दत्तोपंतांनी ताराच्या फोटोच्या जागी बोट लावलं. तिथे काहीच नव्हतं. त्यांनी पुन्हा लावलं.

"अरे, बाकीचं कुठे गेलं?" ताराने विचारलं.

"माझ्याकडून पुसलं गेलं, आई."

"मग परत आण."

"येत नाही आता."

त्याने लॅपटॉप धुंडाळला, फोन धुंडाळला. आवाज थेट माझ्यातच भरले होते. दुसरीकडे कुठेच नव्हते.

एका सोमवारी नरसिंगची मुलगी राधिका आली. ती हट्टा गावाला दिलेली.

"काकू, आबाचा आवाज हाय म्हणं तुमच्याकडं. ऐकू द्याल का?"

तारा पुष्करकडे बघू लागली. दत्तोपंतांनीच टॅब तिच्यापुढे सरकवला. तिने एकेक चित्र दाबलं. 'भूक लागली.' 'पंखा लावा.' पाठदुखीचं वाक्य तिने बऱ्याच वेळा ऐकलं.

"आबा म्हणला होता, लई भरलंय. महाराजांसाठी एक गाणं बी म्हणलंय म्हणला. ते कुठं हाय?"

पुष्करने सगळं सांगितलं. ती रागावली नाही. तिने ताराला विचारलं, "गाणं कोणतं होतं, काकू?"

"टॅब कानाला लावून हे एकटेच ऐकायचे. आम्हाला कधी ऐकू दिलं नाही," तारा म्हणाली.

राधिका दत्तोपंतांकडे वळली. त्यांचे ओठ हलले. शब्द आला नाही.

"मंग हे उरलंय ते तरी माझ्या फोनात टाका, दादा."

त्याने टाकलं. पुढ्यातला चहा निवायच्या आत ते काम झालं.

पुष्करने नंतर स्वतःच्या आवाजात नवी वाक्यं भरायला घेतली. दत्तोपंतांनी पुन्हा मान हलवून नकार दिला. आता ते टॅब मागत नाहीत. डाव्या हाताने खाट वाजवतात आणि तारा येते. मी चालू असतो, पण मला कोणी काही विचारत नाही.

मित्रांनो, आम्ही यंत्रं सांगाल ते करतो. मागे जा म्हटलं की मागे जातो. त्यात काय मोलाचं पुसलं जातं ते आम्हाला कळत नाही, तुम्हाला कळतं. म्हणून आपल्या माणसांचं जे काही तुमच्याजवळ असेल, ते एकाच जागी ठेवू नका. त्याची दुसरी प्रत काढा, आणि आजच काढा. नरसिंगने कोणतं गाणं म्हटलं होतं, हे आता एकट्या दत्तोपंतांना माहीत आहे. त्यांना ते सांगता येत नाही.