कप्तानाची दुसरी बॅटरी

कप्तानाने आयुष्यात कधी जहाज पाहिलं नव्हतं. हे नाव त्याला ‘डांबराच्या पलीकडे’ या ग्रुपने दिलं होतं. या ग्रुपात उंच, दणकट, चारही चाकांना जोर असलेल्या गाड्यांचे मालक होते, आणि रस्ता संपतो तिथे आमची गाडी सुरू होते, असं ते एकमेकांना रोज सकाळी कळवत. कोणाच्या गाडीच्या टपावर फावडं बांधलेलं असे. त्या फावड्यावरचं प्लास्टिकही अजून निघालेलं नसे. दर रविवारी मंडळी एका मोठ्या पार्किंगमध्ये जमत, एकमेकांच्या गाड्यांखाली वाकून बघत आणि जेवायच्या वेळेला आपापल्या घरी जात. मोहीम याहून लांब कधी गेल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

पोटापाण्यासाठी कप्तान विमा कंपनीत होता. अपघातग्रस्त गाड्यांचे दावे तपासायचे, खरे कोणते आणि बनावट कोणते ते ठरवायचं, हे त्याचं काम. दिवसभर त्याच्या टेबलावर ओढ्यात आडव्या झालेल्या, दरीच्या काठावर लटकलेल्या, चिखलात दारापर्यंत रुतलेल्या गाड्यांचे फोटो येत. मालकाने लिहिलेलं असे, पाणी अचानक वाढलं. कप्तान त्यावर लाल शाईने विचारी, पाण्यात गेलात कशाला. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाच्या मनाला जी सवय लागायची ती लागली होती. घरातून भाजी आणायला निघतानाही तो काय काय होऊ शकतं याची उजळणी करत असे.

असा माणूस उंच गाडी घेतो तेव्हा त्यामागे बायको असते. कप्तानाची बायको सकाळच्या शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे शाळेत बाई आणि आजूबाजूच्या चार घरांतही बाईच. नकाशावर डोंगरातल्या एका बारीक निळ्या रेघेवर बोट ठेवून ‘इथे आपली नदी उगम पावते’ असं त्यांनी मुलांच्या कितीतरी पिढ्यांना सांगितलं होतं, आणि तो उगम स्वतः एकदाही पाहिला नव्हता. लग्नानंतर कप्तान म्हणाला होता, जाऊ की. मग मुलगी झाली, तिची शाळा झाली, कॉलेज झालं, ती परगावी नोकरीला गेली. आता कुठे दोघांना वेळ होता, तर बाईंचे गुडघे कुरकुरू लागले होते. गाडी जिथवर जाते तिथून पुढे उगमापर्यंत खडी चढण होती. डॉक्टरांनी क्ष-किरणाची फिल्म उजेडात धरून सांगितलं होतं, चढायचं असेल तर लवकर चढून घ्या, पुढच्या वर्षाचं मी सांगत नाही.

म्हणून गाडी आली. आणि गाडी आली म्हणून दुसरी बॅटरी आली, कारण ग्रुपात दुसऱ्या बॅटरीवाचून माणसाला माणूस म्हणत नसत.

तसा प्रकार सोपा आहे. पहिली बॅटरी इंजिन सुरू करायला. दुसरी मागच्या बाजूला, तिच्यावर फ्रीज, पंखा, दिवे, फोनचं चार्जिंग. मधे एक डबी बसवतात. इंजिन चालू असलं की ती दोघींना जोडते, दोन्ही भरतात. इंजिन बंद झालं की ती दोघींची फारकत करते. मग मागची कितीही रिकामी झाली तरी पुढचीला धक्का लागत नाही. हे सगळं कप्तानाला पाठ होतं. ग्रुपात नव्या माणसाला तोच समजावून सांगायचा.

पहिल्यांदा निघायच्या दिवशी सकाळी कप्तानाने मागचं दार उघडलं तर फ्रीज बंद, दिवे बंद, दुसरी बॅटरी पार रिकामी. त्याचा चेहरा बघून बाईंना वाटलं, कुठून तरी वाईट बातमीचा फोन आला.

“अशा अवस्थेत मी तुला घेऊन डोंगरात जाणार नाही,” तो म्हणाला. “उद्या काही झालं तर?”

बांधलेले डबे बाईंनी उघडले आणि दोघांनी स्वयंपाकघरातच सहल उरकली.

तिथून पुढे घराची रया गेली. जेवणाच्या टेबलावर तारांची भेंडोळी, तांब्याची टोकं, फ्यूज, पक्कड, चिकटपट्ट्या. जेवायला जागा ओट्यापाशी उभ्याने. कप्तान ऑफिसातून आला की बूट न काढता शेडमध्ये उभ्या गाडीचं बॉनेट उघडायचा, आणि रात्री जेवताना व्होल्ट, अँपिअर आणि अर्थिंगची कथा लावायचा. बाई हं म्हणायच्या. मुलीचा फोन आला तरी तो आधी तिला आजचं रीडिंग सांगे. मुलगी म्हणे, बाबा, आईला द्या.

गाड्यांची वायरिंग करणारा इलेक्ट्रिशियन तर घरचाच झाला. त्याच्या जिभेवर साखर होती आणि पिशवीत नेहमी एक नवा सुटा भाग. पहिल्यांदा तो म्हणाला, वायर बारीक आहे साहेब, वाटेतच दम तोडते. बोटाएवढी जाड वायर टाकली. मग म्हणाला, अर्थिंग गंजलंय. पत्रा घासून लखलखीत केला. मग म्हणाला, मधली डबीच चिकटून बसत असणार. डबी बदलली. प्रत्येक वेळी तो बॅटरी बाहेरून भरून द्यायचा आणि हात पुसत म्हणायचा, आता बघायलाच नको. आणि प्रत्येक वेळी चार दिवसांत बॅटरी पुन्हा गळपटायची. मग तो गंभीर चेहरा करून म्हणे, केस अवघड आहे, आणि कप्तानाला त्यातही थोडा मान वाटे.

एका रविवारी कप्तानाने शास्त्रशुद्ध तपासणी केली. मीटर मधे जोडला आणि एकेक फ्यूज उपसून काटा हलतो का ते बघत दिवस घालवला. कुठेच गळती नाही. सगळं गप्पगार. रविवारी बॅटरी शहाण्यासारखी वागायची आणि कामाच्या दिवसांत तिचा जीव जायचा. ग्रुपात यावर घनघोर चर्चा झाली. एकाने लिहिलं, बॅटरीचा एक कप्पा मेलाय. दुसऱ्याने लिहिलं, माझं असंच झालं होतं, मी गाडी विकली. ग्रुपच्या म्होरक्याने लिहिलं, कप्तान, घाई नको, सिस्टिम शंभर टक्के झाल्याशिवाय डांबर सोडायचं नाही. त्या वाक्याखाली तीस-चाळीस अंगठे पडले. कप्तानाला फार बरं वाटलं. आपण का जात नाही याचं असं भारदस्त कारण त्याला स्वतःला सुचलं नसतं.

दुसरी तारीख हुकली. तिसरी ठरली तेव्हा बाई ओट्यापाशी उभ्या राहून जेवता जेवता म्हणाल्या, “या मोसमात झालं तर झालं. नंतर मला वरपर्यंत चढवणार नाही. मग तुमची बॅटरी कितीही भरा.”

यावर कप्तानाने जो उपाय काढला तो कप्तानच काढू जाणे. त्याने बॅटरीवर आणखी एक यंत्र बसवून घेतलं. हे यंत्र बॅटरीतून कधी किती वीज गेली त्याचा आलेख काढून फोनवर दाखवी. आठवडाभराचा आलेख बघून तो थक्क झाला. रात्रभर रेघ सरळ. सकाळी सरळ. आणि कामाच्या प्रत्येक दिवशी दुपारी ती उतरणीला लागायची, ती संध्याकाळपर्यंत.

“उष्णतेने होतंय,” इलेक्ट्रिशियन लगेच म्हणाला. “दुपारी शेड तापते ना.” त्याच्या पिशवीत एक छोटा पंखाही होता.

पण यावेळी कप्तानातला दावे तपासणारा जागा झाला. त्याला नियमितपणाचा नेहमी संशय यायचा. ऊन काही घड्याळ बघून येत नाही, आणि रविवारी सुट्टी तर मुळीच घेत नाही. निघायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारी चोरपावलांनी स्वतःच्याच शेडमध्ये शिरला.

मागचं दार किलकिलं होतं. आतून पंख्याचा आवाज येत होता. कप्तानाने मीटर छातीशी धरून दार ओढलं.

आत बाई होत्या. मागच्या फळीवर चटई अंथरलेली, उशाला दोन उशा, पाय वर सामानाच्या पेटीवर ठेवलेले. वाचायचा दिवा चालू. फ्रीजमधली गार पाण्याची बाटली हाताशी, फोन चार्जिंगला. मांडीवर नकाशा उघडा. त्यांनी चष्म्यावरून कप्तानाकडे पाहिलं आणि नजर पुन्हा नकाशावर नेली.

“म्हणजे गळती तू आहेस,” कप्तान म्हणाला. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोला असं कोणी काही म्हटलं नसेल.

“आत्ता कळलं?”

“अगं, मी इथे वायरी उपसतोय. डब्या बदलतोय. आणि तू रोज इथे?”

“रोज नाही. रविवारी तुम्ही असता.” बाईंनी पाय खाली घेतले आणि गुडघ्यावरून हात फिरवला. “तुम्ही नेलं नाहीत, म्हणून मी रोज दुपारी जाऊन येते. घरात बसायला खुर्ची उरली नाही, जिथे तिथे तुमच्या तारा. इथे बरं वाटतं. पंखा लावायचा, डोळे मिटायचे, की आलाच उगम.”

“मग सांगायचंस तरी.”

“विचारलंत कधी? वायरीला विचारलंत, फ्यूजला विचारलंत, त्या ग्रुपात माणसामाणसाला विचारलंत. मला विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. मी रोज वाट बघत होते.”

कप्तान शेडमधल्या ऑइलच्या डब्यावर बसला. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्याने घेतली.

“एक सांगा,” त्या म्हणाल्या. “इतक्या दिवसांत गाडी सुरू झाली नाही, असं एकदा तरी झालं?”

झालं नव्हतं. एकदाही नाही. किल्ली फिरवली की इंजिन पहिल्या झटक्यात बोलायचं. मागची रिकामी झाली तरी पुढचीला धक्का लागू नये म्हणूनच तर ती डबी होती, आणि ती बिचारी पहिल्या दिवसापासून आपलं काम चोख करत होती, काढून टाकलेली जुनीही आणि तिच्या जागी बसवलेली नवीही. मागची भरायला इंजिन बराच वेळ चालावं लागतं आणि गाडी उभी होती, इतकंच. पहिल्या वेळी तर फ्रीज त्यानेच चाचणी म्हणून आठवडाभर चालू ठेवला होता. कप्तानाने मनातल्या मनात स्वतःची सगळी कागदपत्रं तपासली. नुकसान झालेलं नाही, कारण पटण्याजोगं नाही, अर्जदार मुद्दाम वेळ काढतो आहे. दुसऱ्या कोणाचा असा दावा त्याने चहा संपायच्या आत फेटाळला असता.

“मला भीती वाटते,” तो म्हणाला. “डांबर संपलं आणि गाडी रुतली, तर आपण दोघंच. तुला काही झालं तर मी काय करू, मला काही येत नाही. मी फक्त फोटो बघितलेत.”

“मग असं म्हणायचं होतं,” बाई म्हणाल्या. “मी बॅटरीवर राग काढला नसता.”

शनिवारी ते निघाले. ग्रुपला कळवलं तेव्हा म्होरक्याने विचारलं, सिस्टिम शंभर टक्के? कप्तानाने फोन खिशात टाकला. दुसरी बॅटरी निघताना अर्ध्याच्याही खाली होती, आणि दुपारपर्यंत चालता चालता भरून गेली. कप्तानाला ते यंत्राने सांगितलं, पण त्याने ते बाईंना वाचून दाखवलं नाही.

जिथे डांबर संपलं तिथे त्याने गाडी थांबवली. समोर लाल मातीचा रस्ता होता, मधे दगड, बाजूला ओहोळ. तेवढ्यात समोरून एक बाई स्कूटर चालवत आली. मागे सिलिंडर बांधलेला, पुढे पायापाशी कोबीचं पोतं. गाडी आडवी उभी बघून तिने हॉर्न दिला आणि म्हणाली, “जरा बाजूला घ्या ना, उशीर होतोय.” कप्तानाने बाजूला घेतली. मग तो त्या रस्त्याने पुढे गेला, आणि काहीही झालं नाही.

जिथे गाडीची वाट संपली तिथून पायवाट वर चढत होती. बाईंनी काठी घेतली आणि चढायला लागल्या. पहिला टप्पा त्या हसत चढल्या. दुसऱ्यात बोलणं बंद झालं. तिसऱ्या वळणाशी त्या एका खडकावर टेकल्या आणि वर पाहिलं. वर अजून निम्मी चढण होती. कप्तानाने हात दिला. त्या उठल्या, दोन पावलं टाकली आणि परत बसल्या.

“नाही हो,” त्या म्हणाल्या. “नाही जमायचं.”

खडकाशेजारून पाण्याची बारीक धार खाली जात होती, ओंजळ धरली तर क्षणात भरेल इतकी. वरून, उगमाकडूनच येत होती. बाईंनी चपला काढल्या आणि पाय पाण्यात सोडले. मुलांना दाखवायच्या त्या निळ्या रेघेत आपले पाय त्या बराच वेळ बघत राहिल्या.

कप्तान शेजारी बसला. “पहिल्या तारखेला आलो असतो तर तू वर गेली असतीस,” तो म्हणाला. “माझ्यामुळे उशीर झाला.”

आता ती ‘असू द्या’ म्हणेल, म्हणून तो वाट बघत राहिला. इतक्या वर्षांत ती नेहमी म्हणत आली होती.

“हो,” बाई म्हणाल्या. “झाला.”

मग थोडं सरकून त्यांनी त्याच्यासाठी खडकावर जागा केली.

“बूट काढा,” त्या म्हणाल्या. “पाणी गार आहे.”