अंगाला लागून वळलेला चेंडू

माझा भाऊ क्लबचा गोलकीपर आणि माझा नवरा त्याच क्लबमध्ये आकडे काढणारा. दोघांना एका टेबलाशी जेवायला बसवायचं म्हणजे माझ्या डोक्याला ताप.

नवरा प्रत्येक फटका तोलतो: चेंडू किती जोरात होता, जाळीच्या कुठल्या कोपऱ्याकडे निघाला, साधारण गोलकीपरनं तो अडवला असता का. त्या हिशेबात भाऊ स्पर्धेतल्या सगळ्या गोलकीपरांच्या खाली आला. प्रशिक्षकांनी त्याला बाकावर बसवायचं ठरवलं.

हे कळताच भाऊ तडक कचेरीत शिरला. त्यानं आपल्या दाजींची कॉलर धरली आणि त्यांना फरफटत सरावाच्या मैदानावर नेलं. मी तिथंच खेळाडूंचे कपडे धुते. ओल्या हातांनीच मागे धावले.

"राहा उभे गोलात," भाऊ म्हणाला. "अडवून दाखवा, दाजी. मग मला आकडे सांगा."

पहिला चेंडू पोटात बसला. दुसऱ्यानं चष्मा फुटला आणि नाकाचं हाड मोडलं. ते गुडघ्यांवर कोसळले, तरी ह्याचा पाय थांबेना. लहानपणापासून हा असाच, राग आला की आंधळा. मी मध्ये घुसले. तिसरा चेंडू माझ्या खांद्यावर आदळला, आत काहीतरी कडकन मोडलं आणि चेंडू वळून जाळीत गेला.

मी किंचाळत होते आणि माझा नवरा रक्ताळलेल्या तोंडानं त्या चेंडूकडे बघत होता.

"वळला," ते पुटपुटले. "चेंडू पायातून निघतानाची दिशाच मी धरत होतो. चेंडू सरळ ह्याच्या हातात चाललाय म्हणून फटका सोपा धरायचो. पण ते चेंडू वाटेत आपल्याच बचावपटूंना लागून वळले होते. ते गोल मी ह्याच्या माथी मारले."

बायकोचं हाड मोडलेलं असताना हिशेब सुचतो, अशा माणसाला काय म्हणावं?

दवाखान्यात नाकात कापूस कोंबलेला असतानाच त्यांनी मांडीवर लॅपटॉप घेऊन आकडे सुधारले. भाऊ पहिला आला. तो माझ्या पायाशी बसून रडत होता.

प्रशिक्षक आले, त्यांनी आकडे पाहिले. "जागा ह्याचीच," ते म्हणाले. "पण तुम्हाला हे काय झालं?"

"जिन्यावरून पडलो, दोघंही," नवरा घाईघाईनं म्हणाला.

"ताई," भाऊ हळूच म्हणाला.

त्याची जागा टिकावी असं त्याच्याइतकंच मलाही वाटत होतं. त्याला चेंडू झेलायला मीच शिकवलं होतं.

"ह्यानं मारलं," मी म्हणाले. "खाली पडल्यावरसुद्धा."

प्रशिक्षकांनी लॅपटॉप मिटला.