पडद्यावरची मगर

भर दुपारी पडदे ओढून त्या एवढ्याशा खोलीत सतरा माणसं श्वास रोखून बसली होती. दारात चपलांचा ढीग, खिडकीबाहेर आणखी चार डोकी. जेवणाच्या टेबलावर काळ्या कापडाखाली लॅपटॉप झाकलेला, आणि कापडाखाली कोपरापर्यंत हात घालून बसलेला यंत्रवैद्य.

"तो येतोय," यंत्रवैद्य घोगऱ्या आवाजात म्हणाला.

त्याने कापड ओढलं. काळ्या पडद्यावर आडव्या पट्ट्या थरथरल्या आणि त्यांत एक चेहरा उमटला. फोटो फाडून चुकीचा चिकटवावा तसा, हनुवटी वर, कपाळ खाली, आणि मधोमध ते ओळखीचं हसू.

"बाळा!" सासूबाईंच्या तोंडून हुंदका फुटला.

त्यांची सून, म्हणजे छोट्या ठिणगीची आई, नकळत पडद्याकडे झुकली. नवरा जाऊन आठ महिने झाले होते. ते हसू तिचंही होतं.

यंत्रवैद्य म्हणजे कोपऱ्यावरचा लॅपटॉप दुरुस्त करणारा. यंत्र चालू होताना सगळ्यांत आधी जागा होतो तो प्रोग्रॅम, म्हणजे बायोस, महिन्यापूर्वी त्यानेच अपडेट करून दिला होता. तेव्हापासून लॅपटॉप रखडायला लागला. ठिणगीची आई त्यावर घरांचे आराखडे काढायची, आणि आता एक जिना काढेपर्यंत चहा गार व्हायचा. आठ जीबी मेमरीतली चारच हाताशी उरली होती. वर कधीमधी हा चेहरा! तिने बोलावला होता दुरुस्तीवाला, घरात आला तो साधक होऊन.

"बायोस म्हणजे यंत्राचा पहिला श्वास," तो गर्दीला सांगत होता. "श्वास बदलला की दार उघडतं. निम्मी मेमरी कुठे गेली विचारता? तो मांडी घालून बसलाय तिथे!"

"चार जीबीत मावला?" खालच्या मजल्यावरचा शिंपी पुटपुटला. "चांगला सहा फूट होता." बायकोने त्याला चिमटा काढला.

"आणि एक ध्यानात ठेवा. बायोसच्या सेटिंगचा तो निळा पडदा कुणी उघडायचा नाही. उघडलात, तर तो कायमचा जाईल." मग त्याची नजर आजीच्या मांडीवरच्या ठिणगीवर येऊन थांबली. "बापाला लेकीशी बोलायचंय. पण औषधाची भिंत आडवी येतेय. एकवीस दिवस बाटली बंद."

ठिणगी सहा वर्षांची. फिट येऊ नये म्हणून तिला दिवसातून तीनदा सिरप द्यावं लागे, एकही वेळ न चुकवता.

"औषध बंद होणार नाही," तिची आई म्हणाली.

"तुमची मर्जी, ताई. मी कुठे काही मागतोय?"

मागत नव्हताच. पैसा नव्हे, माणसं जमवत होता तो.

बुधवारी ती बांधकामावरून घरी आली आणि सवयीने बाटली उजेडात धरली. आज कुठवर औषध उरायला हवं, याची लेबलवर तिने पेनाने केलेली खूण होती. दोन दिवसांच्या दुपारचं औषध तसंच होतं.

"आई, दुपारचं दिलं नाहीत?"

सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "त्याला बोलायचंय गं तिच्याशी. तुला नाही कळायचं. मी आई आहे त्याची."

"मी तिची आहे."

आदल्या संध्याकाळी ठिणगी घास हातात धरून काही क्षण नुसती शून्यात बघत राहिली होती. ती छोटी फिटच होती, हे तिच्या आईला आता कळलं.

तेवढ्यात आतून हाक आली, "आई, माझी मगरपण मेली का?"

ती धावली. ठिणगीने लॅपटॉपवर मगर रंगवली होती, चित्र पडदाभर मोठं केलं होतं. लॅपटॉप नेहमीसारखा अडकला, तेव्हा आई करते तसं पोरीने रीस्टार्ट केलं होतं. काळ्या पडद्यावर हिरव्या पट्ट्या थरथरत होत्या. शेपूट वर, दात खाली.

आईचं डोकं चालायला लागलं. ही मगर कधी जिवंतच नव्हती!

तिने विजेचं बिल पडदाभर उघडलं आणि रीस्टार्ट केलं. पट्ट्यांतून बिल उगवलं. मग लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला, थोडं थांबून चालू केला. पडदा स्वच्छ. तीनदा केलं, तीनदा तेच. तो चेहरा तर वॉलपेपरवरचाच फोटो होता! आणि 'बोलावताना' झटपट हलणारे, 'पाठवताना' मात्र चार्जर उपसून वेळ काढणारे कापडाखालचे ते हात तिला आठवले.

आता राहिला तो निळा पडदा. निम्मं मन म्हणत होतं, नको, खरंच गेला तर? तिने डोळे पुसले आणि उघडला. तिथे साध्या अक्षरांत लिहिलं होतं, ग्राफिक्ससाठी राखीव मेमरी चार जीबी. तिने तूर्त काही बदललं नाही. तीन दिवस रजा टाकली, तिन्ही वेळचं औषध स्वतः दिलं. रविवारी यंत्रवैद्य यायच्या आधी वॉलपेपर तेवढा बदलला.

रविवारी पुन्हा तेच काळं कापड, तेच हात.

"तो येतोय..."

कापड सरलं. मगर!

यंत्रवैद्याने कापड पुन्हा ओढू पाहिलं. "हे... हे त्याचं वाहन आहे."

"माझी मगर आहे ती," ठिणगी ठासून म्हणाली. "डोळा चुकलाय."

शिंपी एवढ्या मोठ्याने हसला की खिडकीबाहेरची डोकीही हसली. ठिणगीच्या आईने पडदे बाजूला सारले. भसकन ऊन आत आलं.

"फळा न पुसता वर्ग सुटला, तर दुसऱ्या दिवशी आधी कालचंच लिहिलेलं दिसतं," ती म्हणाली. "रीस्टार्ट करताना वीज तुटत नाही, म्हणून ग्राफिक्सच्या, म्हणजे पडद्यावर चित्रं दाखवायच्या मेमरीत शेवटचं चित्र राहतं. नव्या बायोसने त्या कामाला चार जीबी अडवून ठेवली, आणि ग्राफिक्स चालवणारा जुना प्रोग्रॅम, ड्रायव्हर, फळा पुसायच्या आधीच तो दाखवतोय. पूर्ण बंद केलं की पुसला जातो. दादा, दुकानात अशा पट्ट्या रोज बघत असाल तुम्ही."

सगळ्यांसमोर तिने निळा पडदा उघडला.

"गेला!" यंत्रवैद्य ओरडला. "कायमचा घालवलात त्याला!"

तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने सेटिंग ऑटोवर केलं आणि नवा ड्रायव्हर टाकला. आठातली साडेसात जीबी परत आली. रीस्टार्ट केलं, तर पडद्यावर ना पट्ट्या, ना मगर. वळून बघते तो यंत्रवैद्य कापडासकट पसार.

"मग तो कुठे आहे गं?" सासूबाईंनी विचारलं.

याचं उत्तर कुठल्याच सेटिंगमध्ये नव्हतं. ती त्यांच्याजवळ खाली बसली. "नाही आहे, आई." तिने नवऱ्याचा फोटो उघडला. अखंड. कपाळ कपाळाच्या जागी. "असा होता."

सासूबाईंनी फोटोतल्या कपाळावरून बोट फिरवलं. माणसं खाली मान घालून चपला शोधू लागली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "मलाही तो हवा होता, म्हणून मीही महिनाभर काही विचारलं नाही. चमत्कार दिसला तर नमस्कार करायच्या आधी तिथे एक मगर ठेवून बघा. आणि कुणी लेकराचं औषध थांबवायला सांगितलं, तर मगरीचीसुद्धा वाट बघू नका. त्याला दार दाखवा."

सासूबाई उठल्या. फडताळातून बाटली काढली, उजेडात धरून पेनाची खूण पाहिली, चमचा काठोकाठ भरला.

"ये गं ठिणगे. दुपारचं राहिलंय."