घळीच्या पाण्यातली ट्यूब

मी ट्रॉलीची ट्यूब बोलतेय. रबराची असले तरी जीव आहे हो मला, निदान हवा भरलेली असते तोवर.

माझे उमेदीचे दिवस ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीच्या चाकात गेले. गाड्यांमागून गाड्या ऊस वाहिला, पण टायरच्या अंधारात बसून ऊस कसा दिसतो ते काही पाहिलं नाही. खिळे, काटे, काचा, सगळं अंगावर घेतलं. शेवटी मालकानं मला कोल्हारच्या रमीज पंक्चरवाल्याकडे टाकलं आणि नवी ट्यूब नेली. रमीजनं मला ठिगळं लावली आणि प्रवरेत पोहायला आपल्या लेकीच्या, आलियाच्या हवाली केलं. तेव्हा कुठं मला ऊन दिसलं.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आलियानं मोबाईलवर एक घळ दाखवली. अकोले तालुक्याच्या पार टोकाची, नगर जिल्हा संपून ठाण्याची हद्द लागते तिथली. दोन उंच कडे, मधे फट आणि फटीत पाणी. तिची दादी शमशाद बघतच राहिली.

"रमीज, मला हितं घेऊन चल."

"अम्मी, तुला नदीच्या घाटावर पाय भिजवायची भीती वाटती!"

"म्हणून तर म्हनते, ट्यूब घे."

डोंगरातल्या गावाबाहेर, भर उन्हात, रमीजनं पंप मारून मला टम्म फुगवलं. घळीत उतरलो आणि ऊन संपलं. कडे इतके जवळ आले की आभाळाची नुसती चिंधी उरली. खाली काळं, खोल पाणी.

रमीज मला बांधलेल्या दोराचं टोक घेऊन पोहत पलीकडं गेला. आलिया माझ्यावर बसली, तिच्यामागं मला कवटाळून शमशाद. पलीकडून रमीज ओढू लागला.

मधोमध दोर दगडात अडकला.

"हलू नका!" रमीज ओरडला. कड्यांनी तेच पुन्हा पुन्हा ऐकवलं.

त्या पाण्यात माझं अंग ढिलं पडायला लागलं.

"दादी, ट्यूब मऊ पडली गं."

"पडू दे. तू नीट बस," शमशाद म्हणाली. आवाज अगदी चुलीपुढच्यासारखा. पण मला कळत होतं, तिची बोटं एकेक करून सुटत होती. म्हातारीच्या मनानं घेतलं होतं, हवा चाललीय, आता ही दोघींना पेलायची नाही; एकट्या पोरीला पेलंल.

मी काय बोलणार? मला तोंड एकच, हवा भरायचं, आणि तेही घट्ट बंद. तिचा एक हात सुटला. दुसऱ्याची बोटंही सैल झाली.

"अब्बा, पंक्चर झाली!" आलिया किंचाळली.

"बुडबुडे येत्यात का बघ!"

पंक्चरवाल्याची लेक ती. वाकून तिनं माझ्या चहूबाजूंनी पाहिलं. पाणी हूं की चूं करत नव्हतं.

"न्हाई येत!"

"मग हवा कुठं गेली न्हाई! गारठलीय ती, गार पाण्यात मऊ पडती. घट्ट धरा दोघी!"

शमशादची बोटं परत माझ्यात रुतली, इतकी की ठिगळं कळवळली. हिसके देता देता दोर दगडातून सुटला.

काठावर पोचल्यावर आलियानं विचारलं, "दादी, मधेच तुझा हात का गं सुटला?"

"गारठला व्हता. ह्या ट्यूबवानी."

आता मी दुकानात खुंटीला असते. परवा आसपास कुणी नाही असं बघून शमशाद जवळ आली, माझ्यावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "पोरीला बोलू नको बरं."

मी कसली बोलते! पण मनात मावेना, म्हणून तुमच्यापाशी बोलून बसले. कधी हवा भरायला कोल्हारला थांबलात तर आलिया भेटेल. बडबडी आहे, घळीचं सगळं रंगवून सांगेल. ऐका, हसा. दादीच्या हाताचं तेवढं तिला सांगू नका.