तीनशे एमबीपीएसचा चॅम्पियन

“घ्या! अकरा-पाच!” रविंद्र सुरवाडेंनी आरोळी ठोकली आणि खुर्चीतल्या खुर्चीत असे उसळले, की मांडीवरचा चष्मा कूलरसमोरच्या ओल्या फरशीवर जाऊन पडला.

“जरा हळू!” स्वयंपाकघरातून द्रौपदाबाईंचा आवाज आला. “पोर शे ती तुमनी, दुश्मन नही!”

“टेबलावर आली की ती खेळाडू. पोरगी नंतर,” सुरवाडे म्हणाले. फोनमधून धुळ्याहून मृणाली हसत होती. “पप्पा, आजपण धुतलंत मला. जाते आता, ड्युटी आहे.”

हे टेबल म्हणजे फोनमधलं टेबल. बोट सरकवलं की बॅट हलते, झटका दिला की चेंडू पलीकडे. सुरवाडेंनी अख्खी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात टर्बाइनवर काढली आणि उरलेला वेळ वसाहतीच्या क्लबात, टेबल टेनिसवर. मृणालीची हनुवटी जेमतेम टेबलाला लागत होती तेव्हापासून त्यांनी तिला शिकवलं. निवृत्तीनंतर भुसावळला स्वतःच्या घरात आले आणि गल्लीच्या तोंडाशीच स्कूटर घसरली. हाड जुळलं, पण खांदा आखडला तो आखडलाच. उजवा हात कमरेच्या वर येईना. बॅट सुटली. त्या वर्षी सुरवाडे घरात असून नसल्यासारखे होते.

मृणाली धुळ्याला एका दवाखान्यात नर्स. बाप-लेकीचं फोनवरचं बोलणं म्हणजे “जेवलीस का?”, “हो”, “आईला देऊ?” एवढंच. दिवाळीला आली तेव्हा तिने त्यांच्या फोनमध्ये हा खेळ घालून दिला आणि दोघांना वाचा फुटली. मधल्या मधल्या वेळात दवाखान्यातल्या गमती निघायच्या, तिच्या खोलीतल्या गळक्या नळाची गोष्ट निघायची. पलीकडे लेक आहे आणि मध्ये जाळी आहे, एवढ्यावर सुरवाडेंचा दिवस उजाडायचा. हा खेळही हातातून गेला, तर पुढे काय, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण धास्ती होतीच.

कारण हिवाळाभर ते रोज हरत होते. दुसऱ्या कोणी बोटांना दोष दिला असता. सुरवाडेंनी इंटरनेटला दिला. एप्रिलमध्ये केबलवाल्याला बोलावून त्यांनी जुनं कनेक्शन काढलं आणि तीनशे एमबीपीएसचं नवं कोरं फायबर बसवून घेतलं. आणि काय सांगावं, त्या आठवड्यापासून ते जिंकायला लागले! नुसते जिंकत नव्हते, लोळवत होते.

मग काय विचारता. सकाळच्या फेरीत, केशकर्तनालयात, विहारातल्या बैठकीत, जिथे चार माणसं भेटतील तिथे सुरवाडेंचं प्रवचन सुरू. “स्पीड, भाऊ, स्पीड! खेळाडू तोच असतो, लाइन बदलावी लागते.” शेजारचे रुपचंद पाटील फोनवर क्रिकेट खेळून रोज शून्यावर बाद व्हायचे. त्यांनीही तीनशेचाच प्लॅन घ्यायचं नक्की केलं.

नव्या वायफायच्या डब्याची एकच खोड होती, तो तापायचा. भुसावळचा एप्रिल, त्यात पत्र्याखालची खोली. आता ज्या माणसाने जन्मभर बेअरिंगच्या तापमानावर डोळा ठेवला, त्याला हे कसं सहन व्हावं? मशीन तापलं की दगा देतं, हे सुरवाडेंच्या रक्तात भिनलेलं. बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी डबा उचलला आणि मोठ्या लोखंडी कूलरच्या मागे, ओल्या जाळीला लागून स्टुलावर नेऊन ठेवला. येता-जाता ते तळहाताची मागची बाजू त्याला लावून बघायचे आणि समाधानाने मान हलवायचे.

“मानसे घाम गाळी ऱ्हायनात, नि डबडाले गारवा!” द्रौपदाबाई म्हणायच्या. त्यांचं माहेर सोनगीर. इतकी वर्षं वसाहतीत काढली, पण माहेरची बोली काही त्यांनी सोडली नव्हती.

बुद्धपौर्णिमेला मृणाली दोन दिवसांची रजा काढून आली. सकाळी विहारात वंदना झाली, खीर झाली. दुपारी डोळा लागतोय न लागतोय तोच रुपचंद हजर. प्लॅन घेण्याआधी एकदा डोळ्यांनी बघायचं होतं त्यांना. सुरवाडेंना तेवढंच हवं होतं. ते कूलरसमोर आपल्या खुर्चीत बसले. मृणालीने दिवाणावर बसून स्वतःच्या फोनचं इंटरनेट लावलं. रुपचंद तिच्या शेजारी टेकले.

सुरवाडेंनी पहिलाच फटका असा मारला, की क्लबातले जुने सोबती असते तर टाळ्या पडल्या असत्या. “कसा?” त्यांनी विचारलं.

रुपचंद मृणालीच्या फोनकडे डोळे बारीक करून बघत होते. “साहेब, बॉल गेला कुठी? मले तं दिसलाच नाही. मधात थांबला, गायब झाला, अन् एकदम हिच्या मागं निंघाला!”

मृणालीने फोन छातीशी धरला. “काका, चहा टाकू का?”

“दाखव इकडे,” सुरवाडे म्हणाले. त्यांनी आपला फोन रुपचंदच्या हातात दिला, त्यांना कूलरसमोर बसवलं आणि स्वतः मृणालीशेजारी येऊन बसले. रुपचंदनी कसंबसं बोट सरकवलं. चेंडू निघाला, जाळीवर लटकला, दिसेनासा झाला आणि गुण रुपचंदच्या नावावर चढला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. समोर जगज्जेता असता तरी त्याने काय परत मारलं असतं?

“कधीपासून?”

“एप्रिलपासून.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“किती खूश होतात तुम्ही, पप्पा,” मृणाली म्हणाली. “खांदा गेल्यापासून तुम्हाला असं ओरडताना ऐकलंच नव्हतं.”

“माले बठ्ठं ठाऊक व्हतं,” द्रौपदाबाई दारातून म्हणाल्या. “पन तुम्ही आयकतस का कोनं?”

सुरवाडेंचे कान लाल झाले. क्लबात चेंडू कडेला लागला असेल, तर पंचाच्या आधी ते स्वतःच समोरच्याला गुण देऊन टाकायचे. आणि इथे महिनाभर पोटच्या पोरीचे गुण लाटून गल्लीभर मिरवले! त्यांना भयंकर लाज वाटली. तिचाही राग आला, कारण आपल्याला म्हातारं समजून तिने सांभाळून घेतलं होतं. त्या महिन्यातल्या साऱ्या आरोळ्या त्यांना पोकळ वाटू लागल्या.

“म्हणजे प्लॅन खोटा?” रुपचंदनी विचारलं.

“प्लॅन खरा आहे, काका. पण खेळाला एवढा स्पीड लागतच नाही,” मृणाली म्हणाली. “नळ केवढाही जाड असू द्या, पाणी वेळेवर यायला हवं. इथे मध्येच अडतंय.” ती उठून कूलरमागे गेली आणि खो खो हसत सुटली. “पप्पा! लोखंडाची पेटी, त्यात टाकीभर पाणी, आणि त्याच्या मागे तुम्ही डबा लपवलाय? सिग्नल येणार कुठून?”

सुरवाडे बघत राहिले. कूलर, डबा, खुर्ची. मग त्यांच्या पोटातून हसू आलं ते थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं. “अरे, बेअरिंग गार ठेवायच्या नादात मी टर्बाइनच बंद पाडलं की!”

“साहेब, मंग मी तीनशेचा घेऊ का नको?”

“आधी घरी जाऊन तुमचा डबा कुठे आहे ते बघा, रुपचंद.”

डबा टीव्हीच्या वरच्या फळीवर गेला. मृणाली म्हणाली, “राहू द्या पप्पा आता, उद्या खेळू.” पण सुरवाडे खुर्चीत बसले होते. “आत्ता. आणि सोडलास एक जरी गुण, तर पुन्हा खेळणार नाही तुझ्याशी.”

ती खेळली. लहानपणी खेळायची तशी, खालचा ओठ दातांत धरून, बापाची जराही गय न करता. चेंडू आता तिच्याकडे नीट पोचत होता आणि तितक्याच जोरात परत येत होता. सुरवाडे डावीकडे झुकत होते, चुकत होते, स्वतःलाच शिव्या घालत होते आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. दहा-दोन असताना एक लांबलचक रॅली झाली. रुपचंद पुढे वाकून बघू लागले. सुरवाडेंनी तिला उजवीकडे ओढलं आणि चेंडू हळूच डाव्या कोपऱ्यात टाकला. मृणालीचं बोट पोचलंच नाही.

“पप्पा! काय मारलंत!” ती किंचाळली. तिला मुद्दाम सोडता आला नसता असा तो गुण होता, आणि हे खोलीत सगळ्यांना कळलं होतं.

पुढच्याच चेंडूवर ते हरले. अकरा-तीन.

सुरवाडेंनी फोन बाजूला ठेवला. सामना संपला की टेबलाला वळसा घालून समोरच्याचा हात हातात घ्यायचा, हा क्लबातला रिवाज. ते उठले, घाम पुसला आणि दिवाणापाशी गेले. मृणालीही उठून उभी राहिली. त्यांनी उजवा हात पुढे केला. तो कमरेपर्यंत येऊन थांबला. ती गुडघ्यांत वाकली आणि जिथवर तो आला होता, तिथेच तिने तो घट्ट धरला.